जॉर्जियात मामा म्हणजे बाबा

माझा भाचा जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीला, एमबीबीएस करतोय. आपल्याकडची बरीच पोरं हल्ली तिकडे जातात, त्यात हा एक. गेल्यावर पहिल्याच महिन्यात व्हिडिओ कॉल लावला तर मागे त्याची घरमालकीण उभी, साठीच्या पुढची बाई, आणि हा माझ्याशी "अरे मामा, ऐक ना मामा" करत बोलतोय. बाई पुढे येऊन एकदम अदबीनं काहीतरी बोलायला लागल्या, हात छातीवर वगैरे. मला वाटलं काय ही माणुसकी, साध्या मामाला एवढा मान! नंतर कळलं की जॉर्जियनमध्ये 'मामा' म्हणजे वडील. आणि आई म्हणजे 'देदा'. जगभर म वरून आई असते, यांच्याकडे उलटं.

तिथून मला या भाषेचा नाद लागला तो काही सुटेना. इंटरनेटवर जॉर्जियनबद्दल जे काही सापडतं ते बहुतेक इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी लिहिलेलं असतं आणि सगळ्याचा सूर एकच, बापरे किती विचित्र भाषा, अमुक इंग्रजीत सांगताच येत नाही, तमुक समजणं अशक्य. मी वाचत गेलो आणि दर दोन पानांनी मनात यायचं की यात विचित्र काय आहे, आपण असंच तर बोलतो. अर्धी जॉर्जियन मराठी माणसाला ओळखीची वाटते. उरलेली अर्धी मात्र खरंच घाम काढते, ते पण सांगतो.

आधी हे स्पष्ट करतो की मराठीचं आणि जॉर्जियनचं काहीही नातं नाही. मराठी, फारसी, रशियन, इंग्रजी हे सगळे एका मोठ्या खानदानातले, इंडो-युरोपियन. जॉर्जियन त्यात नाही. शेजारच्या तुर्कीची पण ती कुणी लागत नाही, आर्मेनियनची पण नाही. तिचं स्वतःचं चार जणांचं छोटं कुटुंब आहे, कार्टवेलियन म्हणतात त्याला. जॉर्जियन, मेग्रेलियन, लाझ (ही मुख्यतः तुर्कस्तानच्या काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावर) आणि स्वान, जी वर कॉकेशसच्या डोंगरात बोलतात आणि या चौघींतली सगळ्यात आधी वेगळी झालेली मानतात. बाहेर कुणाशीच नातं सिद्ध झालेलं नाही. जॉर्जियन बोलणारे साधारण ४० लाखांच्या आसपास, म्हणजे मुंबईच्या निम्मेही नाहीत.

आणि ते स्वतःच्या भाषेला जॉर्जियन म्हणतच नाहीत. कार्तुली म्हणतात, देशाला साकार्तवेलो. म्हणजे इंग्रजीत वाचून आपण असं लिहितो, खरा उच्चार 'खार्थुली' आणि 'साखार्थ्वेलो' च्या जास्त जवळ जातो. इथे आपली देवनागरी इंग्रजीपेक्षा सरस ठरते. इंग्रजीवाले क आणि ख दोन्हीला एकच के लावतात, जॉर्जियनमध्ये ती दोन वेगळी अक्षरं आहेत. राजधानीचं नाव तिथे 'थ्बिलिसी' आहे, 'थ्बिली' म्हणजे कोमट, गरम पाण्याचे झरे आहेत तिथे म्हणून. २०२५ च्या जुलैमध्ये आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं बुद्धिबळाचा महिला वर्ल्ड कप जिंकला ते गाव बातुमी, ते पण खरं म्हणजे बाथुमी.

मग क, त, प कुठे गेले? तर तिथेच घाम फुटायला सुरुवात होते. त्यांच्याकडे ग आहे, ख आहे, आणि तिसरा एक क आहे जो आपला क नाहीच. श्वास रोखून धरा, अगदी घशातून बंद, जसं पाण्यात डुबकी मारताना करतो तसं, आणि तसाच श्वास न सोडता 'क' म्हणा. टक्कन फुटतो ना? घशाची झडप बंद असते, तोंडात अडकलेली तेवढीच हवा दाबली जाते आणि बुचासारखी उडते. जॉर्जियनमध्ये असे सहा फटाके आहेत, प, त, क, च, त्स आणि एक पडजिभेच्या जवळून काढायचा, जो लिहायला आपल्याकडे अक्षरच नाही, मी पुढे नुसता क लिहितोय. या शेवटच्यासाठी पोरांना एक वाक्य घोकायला देतात, 'बाकाकी त्सकालशी किकिनेब्स', बेडूक पाण्यात डराव डराव करतो. यातला प्रत्येक क त्या पडजिभेवाला. भाच्यानं म्हणून दाखवलं तेव्हा ताईला वाटलं घास अडकला.

एक गोष्ट मात्र आपल्याला फुकट मिळते. त्यांच्याकडे चाक मधला च आणि चार मधला च ही वेगवेगळी अक्षरं आहेत, तसंच जाड मधला ज आणि जीभ मधला ज. हिंदीवाल्याला हे शिकायला वेळ लागतो, आपण दिवसभर दोन्ही बोलतो, फक्त लिहिताना फरक करत नाही. ते करतात. जसं बोलतात तसंच लिहितात, ३३ अक्षरं, कॅपिटल वगैरे भानगड नाही.

आता मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट. भूक लागली असेल तर इंग्रजीत 'मी भुकेला आहे' अशी रचना होते, मी पहिला. आपल्याकडे भूक लागते ती 'मला'. जॉर्जियनमध्ये 'म्शिया'. अख्खं वाक्य, एकाच शब्दात. त्यातला तो सुरुवातीचा म् म्हणजे मला! तुला भूक लागली असेल तर 'ग्शिया', आम्हाला लागली तर 'ग्व्शिया', आणि त्याला किंवा तिला लागली तर नुसतं 'शिया'. थंडी वाजते ती पण मला, 'म्त्सिवा'. आठवतं ते मला, 'माख्सोव्स'. आवडतं ते मला, 'मोमत्सोन्स'. प्रेम पण मी करत नाही, ते मला होतं: 'मिक्वारखार', यात म म्हणजे मला आणि शेवटचं खार म्हणजे तू आहेस, मला तू प्रिय आहेस. त्यांचा म आणि आपल्या 'मला'चा म जुळला हा शुद्ध योगायोग, पण लक्षात ठेवायला काय सोय झाली. आणि अजून एक योगायोग ऐका, शाळेत आपण 'स ला ते' पाठ केलंय ना, रामास, माणसास? जॉर्जियनमध्ये या विभक्तीचा प्रत्यय स् आहे. कात्सी म्हणजे माणूस, कात्स्स म्हणजे माणसास. उगाच नातं लावायला जाऊ नका, पण गंमत वाटतेच.

मग ते प्रसिद्ध 'ने' प्रकरण. माणूस सफरचंद खातो, पण माणसाने सफरचंद खाल्लं. हा 'ने' भूतकाळात कुठून टपकतो हे परदेशी माणसाला समजावताना आपल्या नाकीनऊ येतात. जॉर्जियन माणसाला समजवावं लागणार नाही. 'कात्सी वाश्ल्स चाम्स', माणूस सफरचंद खातो. 'कात्समा वाश्ली शेचामा', माणसाने सफरचंद खाल्लं. तो मा म्हणजे आपला ने, आणि तो पण सगळ्या काळांत लागत नाही, ठरावीक ठिकाणीच. भाषाशास्त्रात याला अर्गेटिव्ह म्हणतात, आणि त्या विषयाच्या पुस्तकांत जॉर्जियनची उदाहरणं हटकून असतात.

पण खरी कमाल पुढे आहे. मराठीत 'त्याने खाल्लं' म्हणतो पण 'मीने खाल्लं' म्हणत नाही, नुसतं 'मी खाल्लं', 'तू खाल्लंस'. मी, तू, आम्ही, तुम्ही यांना ने चिकटतच नाही (हिंदीत बघा, मैंने, तूने, तिथे लागतो). जॉर्जियनमध्ये डिट्टो हेच. 'मे' म्हणजे मी, 'शेन' म्हणजे तू, या दोघांना मा लागत नाही, तिसऱ्या माणसापासून लागायला सुरुवात. हजारो किलोमीटर लांबच्या, काही संबंध नसलेल्या दोन भाषांनी एकाच ठिकाणी सूट द्यावी! हे योगायोगाच्या जरा पुढचं आहे. मी आणि तू हे बोलणारे आणि ऐकणारे समोरासमोर असतात, कर्ता कोण हे वेगळं चिकटवून सांगायची गरज कमी, म्हणून जगातल्या बऱ्याच भाषा ही सूट देतात असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. मला पटतं ते.

सगळंच जुळतं असं मात्र नाही. मूल रडलं तर आपण ने लावत नाही, ते लावतात, 'बाव्श्वमा इतिरा', शब्दशः मुलानं रडलं. आणि तिसराही एक प्रकार आहे. घरी येऊन बघितलं तर फक्त सफरचंदाचा गाभा उरलाय, खाताना कुणी बघितलं नाही, म्हणजे आपण म्हणू 'यानं खाल्लेलं दिसतंय'. त्यासाठी क्रियापदाचं वेगळंच रूप, आणि तिथे माणूस थेट 'माणसास' होतो: 'कात्स्स वाश्ली शेउचामिया'. म्हणजे एकच माणूस, एकच सफरचंद, आणि तुम्ही बघितलं की नुसता अंदाज केला यावर माणसाची विभक्ती बदलते. आपल्या 'म्हणे'चा पण भाऊ आहे त्यांच्याकडे. 'मोवाल' म्हणजे मी येईन, 'मोवालो' म्हणजे येईन म्हणे. शेवटी नुसता एक ओ लावला की दुसऱ्याचं बोलणं त्याच्या माथी.

क्रियापद ही जॉर्जियनची खरी राजधानी. नामाला लिंग नाही, तो, ती, ते सगळ्यांना एकच 'इस', त्यामुळे तिथे आराम, पण सगळी वसुली क्रियापदात होते. घर बांधणं घ्या. 'वाशेनेब', मी बांधतो. 'विशेनेब', मी स्वतःसाठी बांधतो. 'वुशेनेब', मी त्याला बांधून देतो. फक्त एक स्वर बदलला, आ, इ, उ, आणि घर कुणाचं ते ठरलं. आपण 'बांधून देतो' करून तेच काम दोन शब्दांत करतो.

आणि हे सगळे चिमुकले तुकडे एकाला एक चिकटले की मग तो कुप्रसिद्ध शब्द तयार होतो जो सगळीकडे फिरत असतो, 'ग्व्फ्र्त्स्ख्व्नी'. सलग ८ व्यंजनं आणि मग कुठे एक इ. लोक बघून हसतात, पण वरचं 'ग्व्शिया' आठवा, आम्हाला भूक लागली, तोच ग्व इथे आहे. उरलेलं म्हणजे सोलणं. अर्थ: तू आम्हाला सोलतोस. असं रोज कोण बोलतं म्हणा, पण जॉर्जियन माणूस सहज म्हणून दाखवतो. रोजच्या वापरातलं हवं तर प्रशिक्षकाला 'म्त्स्व्र्थ्नेली' म्हणतात. फुटबॉलवाल्यांना क्वारात्सखेलिया माहितीये, नापोलीत खेळायचा आता पॅरिसला आहे, तर ते आडनाव त्यातल्या त्यात सोपं आहे. आपली उडी संस्कृतातल्या 'कार्त्स्न्य'पर्यंत, सलग पाच, आणि तो शब्द पण आयुष्यात कुणी वापरत नाही.

आकडे मात्र आजीला कळतील असे. खेड्यात जुनी माणसं विसा धरून मोजायची ना, तीन विसा, चार विसा आणि पाच? जॉर्जियनमध्ये आजही सगळा देश तसाच मोजतो. वीस म्हणजे ओत्सी. तीस म्हणजे ओत्सदाआथी, वीस आणि दहा (आथी म्हणजे दहा बरं का, आठ नाही, आठला र्वा म्हणतात). चाळीस ओर्मोत्सी, दोन विसा. साठ सामोत्सी, तीन विसा. आणि नव्व्याण्णव म्हणजे ओथ्ख्मोत्सदात्स्ख्रामेती, चार विसा आणि एकोणीस. भाजीवाल्याकडे भाव विचारला की भाचा आधी मनात गुणाकार करतो.

त्यातल्या चारची, म्हणजे ओथ्खीची एक मजेदार थिअरी आहे. संस्कृत अष्टौ हे रूप द्विवचनाचं दिसतं, जणू कशाची तरी जोडी, दोन चौकड्या. मग ती एक चौकडी कुठे आहे? काही अभ्यासकांना ती जॉर्जियनच्या ओथ्खीत दिसते, म्हणजे फार फार पूर्वी दोन्ही खानदानं शेजारी होती आणि आकड्यांची देवाणघेवाण झाली. नक्की सिद्ध नाही झालेलं.

लिपी जुनी आहे. बेथलेहेमजवळ बीर एल कुत्त नावाच्या ठिकाणी एका मठाच्या अवशेषांत फरशीवर मोझॅइकमध्ये जॉर्जियन लेख सापडलेत, साधारण सन ४३० चे मानतात. खुद्द जॉर्जियात बोल्निसीच्या चर्चवरचा लेख ४९४ च्या सुमाराचा. लिपी कुणी बनवली यावरून मात्र भांडण आहे. जॉर्जियन बखरी म्हणतात आमच्या फार्नावाज राजानं, ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात. आर्मेनियन म्हणतात आमच्या मेस्रोप माश्तोत्सनं, ज्यानं आमची लिपी केली त्यानंच. बहुतेक अभ्यासकांचं मत असं की चौथ्या शतकात देश ख्रिस्ती झाला त्यानंतर धर्मग्रंथ लिहायला ती तयार झाली, आणि अक्षरांचा क्रम ग्रीकवरून घेतला. आपल्यासारखा कंठ, तालू, दात असा हिशोब नाही. ग्रीकमध्ये जे आवाज नव्हते ते सरळ शेवटी नेऊन ठेवले.

लिप्या तीन आहेत. आसोम्थाव्रुली सगळ्यात जुनी, मग नुस्खुरी, मग आजची म्खेद्रुली, गोल गोल वेटोळ्यांची, कोपरा म्हणून नाही. पहिल्या दोन चर्चच्या झाल्या, पाद्र्यांच्या. म्खेद्रुली हे नाव 'म्खेदारी'वरून, म्हणजे घोडेस्वार, शिपाईगडी. दरबार, हुकूम, हिशेब, पत्रं यात ती वाढली. हे वाचताना मला सारखी मोडी आठवत होती. आपल्याकडे पण तसंच, पोथी बाळबोधीत आणि दफ्तर मोडीत. फक्त शेवट उलटा झाला, आपल्याकडे छपाई आली तशी मोडी मागे पडली आणि पोथीची लिपी सगळ्यांची झाली, तिकडे शिपायाची लिपी जिंकली आणि चर्चच्या लिप्या चर्चमध्येच राहिल्या. तिन्ही मिळून २०१६ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेल्या.

आपल्या ज्ञानेश्वरीच्या साधारण शंभर वर्षं आधी शोता रुस्तावेलीनं त्यांचं सगळ्यात मोठं महाकाव्य लिहिलं, आणि त्याचा वाघाचं कातडं पांघरलेला नायक तारिएल हा चक्क भारताचा राजपुत्र आहे. अर्थात तो भारत कल्पनेतला, रुस्तावेलीला इथलं काही माहीत असल्यासारखं वाटत नाही. हे काव्य त्यानं तामार राणीला वाहिलं. राणी म्हणजे इतिहासात ती 'मेफे', राजा, याच पदवीनं ओळखली जाते, स्वतः राज्य करत होती ना.

खराखुरा संबंध गोव्याचा. काखेथी प्रांताची राणी केतेवान (आता तुम्हाला माहितीये, खेथेवान म्हणा) हिला इराणच्या शहा अब्बासनं शिराजमध्ये कैदेत ठेवलं, धर्म सोडायला नकार दिला म्हणून १६२४ मध्ये छळ करून मारलं. तिथे असलेल्या ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिचे अवशेष लपवून ठेवले आणि त्यातले काही जुन्या गोव्यातल्या आपल्या मठात आणले. तो जो अर्धा पडलेला उंच मनोरा आपण पिकनिकला जाऊन फोटो काढतो ना, सेंट ऑगस्टिनचा, तोच मठ. पुरातत्त्व खात्याला तिथे हाडं सापडली, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत डीएनए तपासला, आणि २०२१ च्या जुलैमध्ये परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी ते अवशेष तिबिलिसीत जॉर्जियाच्या हवाली केले. राणीचा मुलगा तेइमुराझ राजा पण होता आणि कवी पण, त्यानं आईच्या मरणावर जॉर्जियनमध्ये काव्य लिहिलं. त्याच राजाचा वकील निकोलोझ युरोपात मदत मागत फिरत होता, मदत फारशी मिळाली नाही, पण त्याच्या हातभारानं १६२९ मध्ये रोममध्ये जॉर्जियन-इटालियन शब्दकोश निघाला, छापलेल्या पहिल्या जॉर्जियन पुस्तकांतला एक.

राणीला त्यांच्याकडे 'देदोफाली' म्हणतात, त्यात पण देदा आहेच. राजधानी म्हणजे देदाखालाखी, आई-शहर. घराचा मुख्य खांब म्हणजे देदाबोद्झी, आई-खांब. आणि मातृभाषा म्हणजे देदाएना, आई-जीभ. १८७६ मध्ये याकोब गोगेबाश्विलीनं याच नावाचं बालवाचन काढलं, रशियन झारच्या राजवटीत, आणि त्याचा पहिला धडा म्हणजे 'आइ इया'. 'हे बघ इया', इया म्हणजे जांभळं रानफूल. फक्त दोन अक्षरांत, आ आणि इ, अख्खा पहिला धडा. तिकडच्या पिढ्यान्‌पिढ्या याच दोन शब्दांपासून वाचायला शिकल्यात.

त्या देदाएनासाठी लोक रस्त्यावर पण आलेत. १९७८ मध्ये सोव्हिएत काळात नवीन राज्यघटना होत होती, मसुद्यात जॉर्जियन ही राज्यभाषा हे कलम गाळलेलं. १४ एप्रिलला तिबिलिसीत हजारो विद्यार्थी जमले. सोव्हिएत राज्यात! अशा गर्दीवर तिथे गोळ्या चालायच्या, याच शहरात १९५६ मध्ये चालल्या होत्या. तेव्हाचे पक्षप्रमुख शेवर्डनाद्झे मॉस्कोशी बोलले आणि कलम परत आलं. १४ एप्रिल आता तिथे मातृभाषा दिन असतो. (आडनावात द्झे म्हणजे मुलगा, श्विली म्हणजे लेकरू. स्टालिनचं खरं आडनाव जुघाश्विली. काय लेकरू!)

उसने शब्द तर ओळखीचेच निघतात कारण मधे फारसी बसलीये, तिनं दोन्हीकडे वाटप केलं. बाजाराला बाझारी, किसमिसला खिश्मिशी, चहाला चाइ. काही तर मूळ इथून गेलेत, साखर शाखारी झाली, पिंपळी पिल्पिली होऊन मिरी झाली, आणि संस्कृत वातिंगण फारसी-अरबीतून फिरत फिरत तिकडे बाद्रिजानी झालं. इथे त्याच वातिंगणाचं वांगं झालं.

या बाद्रिजानीचा त्यांचा एक पदार्थ आहे, तळलेल्या वांग्याच्या कापांत अक्रोडाचं वाटण भरून गुंडाळी. मागच्या आठवड्यात कॉल लावला तर घरमालकीणबाईंनी तो करून दिलेला. त्या भाच्याला 'शेन गेनात्स्वाले' म्हणत असतात, तुझ्या जागी मी होईन अशा अर्थाचं, आपली आजी कानशिलावर बोटं मोडायची त्यातलं. हा पोरगा घरी वांग्याच्या भाजीला नाक मुरडायचा, ताट सरकवायचा. मी म्हटलं दाखव की, कसं दिसतं. त्यानं कॅमेरा फिरवला तर प्लेट रिकामी.

"शेमोमेचामा, मामा," म्हणाला. हा शब्द पण इंटरनेटवर 'भाषांतर अशक्य' म्हणून फिरत असतो, खायचा विचार नव्हता पण संपून गेलं असा काहीतरी अर्थ.

म्हटलं मराठीत सांग की गधड्या, खाल्लं गेलं माझ्याकडून.